अंधार उपसमिती

३ ऑगस्ट

निवृत्तीनंतर डायरी लिहायची असं ठरवलं होतं, पण दोन महिने लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. मध्यंतरी स्वयंपाकघरातल्या डब्यांना मी लेबलं लावली, तर ही म्हणाली, “मीठ कुठलं आणि साखर कुठली ते मला लेबलाशिवाय कळतं.” ही म्हणजे माझी पत्नी. तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्या कार्यक्षेत्राबाहेर गेलं आहे.

आज मात्र काम सापडलं.

संध्याकाळी ही घरात दिसेना. शोधत गच्चीवर गेलो, तर पाण्याच्या टाकीला टेकून, मान वर करून उभी.

“काय बघतेस?”

“आकाश.”

“त्यात काय आहे?”

“तेच बघतेय. काही उरलंय का.”

मग म्हणाली, लहानपणी अंगणात झोपायचो तेव्हा डोक्यावरून आकाशगंगा जायची. लग्न होऊन इथे आल्यावरही काही वर्षं दिसत होती, मग दिसेनाशी झाली. “एकदा बघायचीय हो. डोळे धड आहेत तोवर.”

“एवढंच ना?” मी म्हटलं.

मी शहराच्या पथदिवे विभागाचा प्रमुख होतो. लोक मला दिवेसाहेब म्हणायचे, अजूनही म्हणतात. निरोप समारंभात मिळालेल्या पितळी मानचिन्हावर ‘अंधारमुक्त शहराचे शिल्पकार’ असं कोरलेलं आहे. जनतेच्या मागण्या पुऱ्या करण्यात माझा जन्म गेला. अनुभव असा की, एका माणसाची मागणी ही मागणी नसतेच, ती कुरकुर असते. मागणीला संघटना लागते. तेव्हा या इमारतीत आकाशदर्शन मंडळ स्थापन करायचं ठरवलं.

हिला सांगितलं. “अहो, मंडळ कशाला? आपण दोघंच कुठेतरी...” असं काहीतरी ती म्हणत होती, पण तोवर मी जिना उतरायला लागलो होतो.

७ ऑगस्ट

मंडळाची पहिली सभा आमच्या दिवाणखान्यात. उपस्थिती उत्तम. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी घटनेचा मसुदा आणला होता. त्यांनी तो इमारतीच्या पाण्याच्या भांडणात तयार करून ठेवला होता. ‘पाणी’च्या जागी ‘तारे’ घातल्यावर तो चपखल बसला. फक्त ‘तारे दिवसातून दोनदा सोडण्यात येतील’ हे कलम वगळावं लागलं.

अध्यक्ष मी. सचिव वकील. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाई खजिनदार. बाकीच्यांना उपाध्यक्ष, सहसचिव, संघटक वगैरे पदं दिली, कारण पदाशिवाय माणूस दुसऱ्या सभेला येत नाही. वाटप झाल्यावर लक्षात आलं की साधा सभासद कोणी उरलाच नाही, आणि घटनेप्रमाणे सभासदाशिवाय मंडळ अस्तित्वात येत नाही. मोठाच पेच. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. तिला एकमताने सर्वसाधारण सभासद करून घेतलं.

“सभासद म्हणून एक विचारू?” ती म्हणाली. “आकाश कधी बघायचं?”

वकील अत्यंत आदराने म्हणाले, “वहिनी, ते आजच्या विषयपत्रिकेत नाही.”

८ ऑगस्ट

आज अमावास्या. वकिलांच्या पुस्तकात आकाशदर्शनासाठी हीच तिथी सांगितली आहे, म्हणून कार्यकारिणी गच्चीवर गेली. डॉक्टरबाईंनी दुर्बीण आणली होती.

बोटांवर मोजण्याइतके तारे दिसले. त्यातला एक पुढे सरकत गेला आणि त्याला शेपटीशी लाल दिवा होता, म्हणून तो वजा केला. बाकी आकाश नारिंगी, एकसारखं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे तर कवळी काढलेल्या तोंडासारखं दिसतंय.”

माझ्या मते हवेत धूळ फार आहे.

एक समाधान सांगितलंच पाहिजे. गच्चीवरून आपल्या चौकातला दिव्यांचा उंच मनोरा काय दिसतो! ते माझं शेवटचं काम. त्या एका मनोऱ्याने चारही रस्ते, दोन्ही शाळा आणि आमची गच्ची उजळते. मी सगळ्यांना दाखवलं, की इथे आपल्या कोणाचीही सावली काळी पडत नाही, राखाडी पडते. उजेड सगळीकडून येतो. वरसुद्धा जातो.

“वर कशाला जातो?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“कुठेच कमी पडू नये म्हणून.”

“मग तोच बंद केला तर?”

हॉस्पिटलात कोणीतरी शिटी वाजवावी तसं झालं. मग वकील म्हणाले, विषय गंभीर आहे, यासाठी उपसमिती नेमावी लागेल. नाव ‘अंधार उपसमिती’. अध्यक्ष म्हणून माझंच नाव सुचवण्यात आलं. दिव्यांचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नाही.

खाली उतरताना हिने माझा हात धरला. पायऱ्या दिसत नाहीत म्हणाली. एवढ्या उजेडात!

१२ ऑगस्ट

अंधार उपसमितीची बैठक. अंधार म्हणजे काय, याची व्याख्या ठरली नाही. वकिलांचं म्हणणं, हातावरच्या रेषा दिसेनाशा होतील तो अंधार. डॉक्टरबाई म्हणाल्या, समोरच्याचे दात दिसेनासे होतील तो. वाद वाढला. शेवटी मी मध्ये पडलो. आमच्या खात्यात अंधाराची व्याख्या सरळ होती, ज्याबद्दल तक्रार येते तो अंधार. ती मान्य झाली.

१४ ऑगस्ट

आज जुन्या कार्यालयात गेलो. माझ्या खुर्चीवर माझ्याच हाताखालचा माणूस आहे, आता नवे प्रमुख. मला बघून उठून उभा राहिला. खुर्ची मात्र त्याने बदलली आहे.

“सर, तुमच्या काळात जे होतं ते सगळं तसंच चालू आहे,” तो म्हणाला.

मी चौकातल्या मनोऱ्याचा विषय काढला. अमावास्येच्या आसपास संध्याकाळी थोडा वेळ उजेड कमी करता येईल का?

त्याचा चेहरा पडला. “सर, म्हणजे... दिवा चालू असल्याची तक्रार?”

“हो.”

“सर, संगणकात चारच प्रकार आहेत. दिवा बंद, दिवा मंद, दिवा लुकलुकतो आणि खांब वाकला.”

हे चार प्रकार मीच ठरवून दिले होते. पाचव्याची गरज कधी भासली नाही. तो म्हणाला, यातल्याच एखाद्या प्रकारात नोंद करावी लागेल, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. विचार करून मी ‘दिवा मंद’ निवडलं. आम्हाला तो मंदच हवा आहे, तेव्हा त्यातल्या त्यात सत्याला धरून हेच होतं. नोंदीचा क्रमांक मिळाला. फार दिवसांनी हातात क्रमांक आल्यावर बरं वाटलं.

१९ ऑगस्ट

खात्याचा कारभार अजून चोख आहे, हे लिहायला अभिमान वाटतो. आज दुपारी शिडीची गाडी आली, माणसं चढली, आणि तिन्हीसांजेला मनोरा पेटला तो दुप्पट उजेड घेऊन. तक्रार ‘दिवा मंद’ अशी होती, त्यांनी जुने काढून नवे, जास्त क्षमतेचे दिवे बसवले. आता गच्चीवर वर्तमानपत्र वाचता येतं. वकिलांनी लगेच छोट्या जाहिराती वाचून दाखवल्या.

उपसमितीच्या दृष्टीने हा तात्पुरता अडथळा आहे.

हिला सांगितलं तर हसता हसता खाली बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी थांबेना. मी विचारलं तर म्हणाली, “काही नाही, आज डोळ्यांत औषध घातलंय.” सकाळी डॉक्टरबाईंबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“म्हणाले, जे बघायचंय ते लवकर बघून घ्या.”

हल्लीचे डॉक्टर फार तत्त्वज्ञान सांगतात.

२७ ऑगस्ट

ही हल्ली निष्काळजी झाली आहे. काल तिन्हीसांजेला स्टुलावर आपटली. आज ओट्यावरची वाटी हाताने चाचपत होती, वाटी समोरच. मी घराची रीतसर पाहणी केली आणि घरात उजेड अपुरा आहे या निष्कर्षाला आलो. बोळात दोन, जिन्यात एक, न्हाणीघरात एक असे जादा दिवे लावून घेतले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“आता दिसतं ना सगळं?” मी विचारलं.

“घरातलं दिसतं,” ती म्हणाली, आणि माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं. ते लागलेलंच नव्हतं, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तेव्हा डोळे ठीक असावेत.

१ सप्टेंबर

मेहुणे आले होते. हिचे थोरले भाऊ. शहराबाहेर, डोंगराच्या पलीकडे त्यांची फुलझाडांची रोपवाटिका आहे. माणूस चांगला, पण कुठलीही गोष्ट गांभीर्याने घेत नाही.

“काय जावईबुवा, कुठवर आलं ताऱ्यांचं खातं?”

मी त्यांना घटनेची प्रत दिली. त्यांनी ती चष्मा न लावता चाळली.

“एवढं कशाला? हिला चार दिवस माझ्याकडे पाठवा. माझ्याकडे वर सगळं जागच्या जागी आहे. घटना नाही, पण तारे आहेत.”

“दादा, मी येते की,” ही पटकन म्हणाली. इतकी पटकन, की मला आश्चर्य वाटलं.

मी शांतपणे समजावून सांगितलं. एक, वैयक्तिक सोय म्हणजे चळवळ नव्हे. दोन, सहा तारखेला मंडळाचं उद्घाटन आहे. तीन, ही मंडळाची एकमेव सर्वसाधारण सभासद आहे. ती गेली तर गणसंख्या पूर्ण होत नाही.

मेहुणे तिच्याकडे बघत राहिले. “सांगितलंस का गं यांना?”

“सांगेन.”

“काय सांगायचंय?” मी विचारलं.

“उद्घाटनाला कुठली साडी नेसू ते,” ती म्हणाली.

मेहुणे चहा अर्धाच ठेवून गेले.

६ सप्टेंबर

उद्घाटन अभूतपूर्व झालं. सविस्तर लिहितो.

पाहुण्यांच्या डोक्यावर दव पडू नये म्हणून वकिलांनी सगळ्या गच्चीवर कापडी छत घातलं होतं. आत फोटोसाठी दोन प्रखर झोत. ‘चला, आकाशाशी नातं जोडू या’ असा फलक. दुर्बिणीला हार घातला होता. तो काढल्याशिवाय तिच्यातून बघता येत नव्हतं, आणि फोटो होईपर्यंत काढायचा नव्हता. डॉक्टरबाईंनी विचारलं, “छताला भोक ठेवलंय का?” वकील म्हणाले, भाड्याचं आहे.

प्रमुख पाहुणे पथदिव्यांचे नवे प्रमुख. ते बोलायला उभे राहिले. “आमच्या सरांनी या शहरातला अंधार दूर केला, आणि आता ते...” असं म्हणाले आणि दिवे गेले. झोत गेले, मनोरा गेला, सगळा भाग गेला. नजर जाईल तिथवर काही नाही.

माणसं गडबडली, छताखालून चाचपडत कठड्याकडे सरकली. कोणीतरी ‘अरे, अरे’ म्हणालं, आणि मग एकदम सगळे गप्प झाले. मी मात्र वेळ घालवला नाही. अशा वेळी कोणाला फोन करायचा ते माझ्याइतकं या शहरात कोणाला ठाऊक आहे? जिना उतरलो, घरच्या फोनवरून उपकेंद्राच्या अभियंत्याला पकडलं. तो म्हणाला, दुरुस्तीला दोन तास लागतील. मी त्याला दुसऱ्या वाहिनीवरून पुरवठा वळवण्याची युक्ती सांगितली. त्याच्या बापाला तरी सुचली असती का! चहा गाळून होईपर्यंत मनोरा पुन्हा पेटला.

धापा टाकत वर आलो. नव्या प्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. वकिलांनी वाजवल्या. बाकीचे जरा सावकाश वाजवत होते, झोपेतून उठवल्यासारखे.

ही पार कोपऱ्यात, कठड्याला धरून उभी होती. डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

“घाबरलीस?” मी विचारलं.

“नाही. माझ्या डोळ्यांना हल्ली वेळ लागतो अंधाराची सवय व्हायला. आता कुठे काहीतरी धुरकट दिसायला लागलं होतं.”

डॉक्टरबाई माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, पण हिने त्यांचा हात दाबला. मग आभार प्रदर्शन झालं.

९ सप्टेंबर

वर्तमानपत्रात बातमी आली. ‘निवृत्तीनंतरही तेवत राहिलेला दिवा’. फोटोत मी आणि मनोरा. दुर्बीण कापली गेली आहे.

बातमी हिला वाचून दाखवली. “छान आहे,” म्हणाली. तिने स्वतः वाचली नाही. वाचता येते तिला, दुपारच्या उजेडात सुईत दोरासुद्धा ओवते. वाचली नाही, एवढंच.

२० सप्टेंबर

अनपेक्षित प्रकार. आज सकाळी हिने मंडळाच्या सर्वसाधारण सभासदत्वाचा राजीनामा दिला. तोंडी. मी म्हटलं, राजीनामा सचिवांकडे द्यावा लागतो.

“त्यांना तुम्ही सांगा. मी दादाकडे जातेय.”

“किती दिवस?”

“बघून होईपर्यंत.”

“अगं, पण मंडळ बरखास्त होईल!”

ती बॅग भरत होती. वर न बघता म्हणाली, “अहो, तुमच्या मंडळात सगळं आहे. पदाधिकारी आहेत, छत आहे, हार आहे. फक्त एक गोष्ट मी मागितली होती, तेवढी नाही. तिच्यासाठी मी किती थांबू?”

मी म्हणालो, काम प्रगतिपथावर आहे.

मेहुणे गाडी घेऊन आले होते. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. ते थट्टा करत नाहीत तेव्हा जास्त राग येतो.

२१ सप्टेंबर

घर छान उजळलेलं आहे. सगळे दिवे चालू ठेवले आहेत.

२४ सप्टेंबर

डॉक्टरबाईंकडे दाढ दाखवायला गेलो. दाढ बरेच दिवस दुखते आहे. त्यांनी माझं तोंड उघडून ठेवलं आणि मग बोलायला लागल्या. मला उत्तर देता येणार नाही अशी वेळ त्यांनी मुद्दाम साधली असावी.

“दिवेसाहेब, वहिनींना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. अंधारातली नजर आधी जाते. माझ्यासमोर सांगितलं डॉक्टरांनी. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. का, विचारा. म्हणाल्या, त्यांना सांगितलं तर ते डोळ्यांसाठी पण समिती नेमतील.”

माझ्या तोंडात आरसा होता.

आज नोंद करण्यासारखं आणखी काही नाही.

२५ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतः भेटलो. तरुण माणूस आहे, नीट बोलला. दिवसाउजेडी तिला अजून बरीच वर्षं दिसेल. मंद उजेडातलं मात्र झपाट्याने कमी होतंय. आधी बारीक तारे, मग तिन्हीसांजेची पायरी, वाटी.

मी विचारलं, उजेड वाढवला तर फायदा होईल?

“घरात होईल,” तो म्हणाला. “तारे उजेडात दिसत नाहीत पण.”

हे वाक्य मी इथे लिहून ठेवतो आहे. तसं ते कोणालाही माहीत असतं.

२९ सप्टेंबर

वकील आले होते. सर्वसाधारण सभासद नसल्यामुळे मंडळ तांत्रिकदृष्ट्या अधांतरी आहे म्हणाले, तेव्हा वहिनींना ‘मानद गैरहजर सभासद’ करावं. मी त्यांना दार दाखवलं. म्हणजे खरोखरच दार उघडून धरलं. ते म्हणाले, याची नोंद इतिवृत्तात करावी लागेल. मी म्हटलं, ठळक अक्षरांत करा.

नंतर वाईट वाटलं. पण फार नाही.

३ ऑक्टोबर

सहा तारखेला अमावास्या आहे. पुन्हा कार्यालयात गेलो. या वेळी नोंद, क्रमांक काही नको म्हटलं. “एका संध्याकाळपुरता मनोरा बंद कर. मी सांगतो म्हणून.” नोकरीत असताना मी असं कधी कोणाला बोललो नव्हतो. वशिल्याच्या माणसांना मी उभंही करत नसे.

नवे प्रमुख खाली मान घालून बसले. मग त्यांनी भिंतीवरचं चौकटीतलं परिपत्रक दाखवलं. ‘कोणत्याही व्यक्तीच्या, कोणत्याही कारणास्तव केलेल्या विनंतीवरून कोणताही दिवा क्षणभरही बंद ठेवता येणार नाही.’

“सर, खाली सही तुमची आहे,” तो म्हणाला. “आणि तुम्हीच शिकवलंत, सही बघून काम करायचं नाही, नियम बघून करायचं.”

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कुठे पळवाट नाही. मसुदा निर्दोष आहे.

तो खालपर्यंत सोडायला आला. “सर, वहिनींसाठी का? दुसरीकडे कुठे अंधार नाही का?”

“मी कुठे शिल्लक ठेवलाय?” मी म्हटलं. तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

घरी येऊन मेहुण्यांना फोन केला. म्हटलं, मी येऊ का?

“या की,” ते म्हणाले. “येताना काही आणू नका. विशेषतः काही सुधारणा आणू नका.”

७ ऑक्टोबर, रोपवाटिका

कालची हकिकत आज सकाळी लिहितो आहे. काल इथे लिहिण्याइतका उजेड नव्हता.

बस घाटाच्या पलीकडे उतरली तेव्हा दिवस मावळत होता. फाट्यापासून चालत आलो. सवयीने खांब शोधत होतो. एकही नाही. मेहुणे फाटकाशी उभे होते. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली.

“अहो, पायाखाली काही असलं तर?”

“तेच तुम्हाला रस्ता देईल.”

ही मागच्या बाजूला, रोपांच्या वाफ्यांपलीकडे खाटेवर बसली होती. माझ्या पावलांच्या आवाजावरून म्हणाली, “आलात? टाच घासत चालायची सवय काही जात नाही.”

मी शेजारी बसलो. सभेत पहिलं वाक्य कधी अडलं नाही माझं. शेवटी म्हटलं, “डॉक्टरांना भेटून आलो.”

“कळलं. डॉक्टरबाईंचा फोन आला होता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, गच्चीवर. तुम्ही जिना उतरत होता.”

अंधार पडायला लागला. मी आयुष्यभर अंधाराच्या मागे होतो, पण तो असा पडताना बसून कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे तो पडायच्या आतच दिवे लागतात. तो एकदम येत नाही. आधी झाडांची पानं एक झाली, मग झाडं एक झाली, मग माझे हात गेले. आणि मग मी वर पाहिलं.

ते मला नीट लिहिता येणार नाही. पहिल्यांदा मला भीती वाटली, हे लिहितो. एवढं सगळं, आणि एका खांबाचा आधार नाही. मी हिचा हात धरला, पायरी दिसत नसलेल्या माणसासारखा.

“दिसलं?” ती म्हणाली.

“अगं... हे सगळं... रोज असतं?”

“रोज.”

“तू बघितलंस का? आल्यापासून?”

“ठळक दोन-चार दिसतात. बाकी सपाट काळं आहे. मला वाटलं होतं अजून थोडं उरलं असेल. गेल्या महिन्यात गच्चीवर धुरकट काहीतरी दिसलं होतं ना, तेवढंच शेवटचं.”

मागे कुठेतरी मेहुणे बादली ठेवत होते. तो आवाजही थांबला. गेल्या महिन्यात गच्चीवर. ते दोन तास. दुसऱ्या वाहिनीची युक्ती. मला कोणीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात असं वाटलं. ती देत नव्हती.

मग म्हणाली, “तुम्ही सांगा ना काय दिसतंय.”

“मला कुठे नावं माहीत आहेत?”

“नावं नकोत. दिसतंय ते सांगा. तुम्हाला पाहणी अहवाल द्यायची सवय आहे की.”

मी घसा साफ केला. म्हटलं, तिकडे, झाडांच्या वरून, एक पांढुरका पट्टा निघालाय. थेट डोक्यावरून पलीकडे गेलाय. रस्त्यासारखा, पण कडा सरळ नाहीत, ठेकेदाराने आखणी न करताच काम केल्यासारखा. काही ठिकाणी दिवे इतके जवळ जवळ आहेत की वेगळे मोजता येत नाहीत, नुसता उजेड सांडलाय. काही ठिकाणी एकेकटे. अंतराचा काही हिशेब दिसत नाही. एक निळसर आहे, एक जरा तांबडा. लुकलुकतायत सगळेच.

“लुकलुकणं हा दोष ना तुमच्याकडे?”

“इथे नसावा.”

ती हसली. खूप दिवसांनी मी तिला हसताना ऐकलं. दिसत नव्हती, फक्त ऐकू आली.

“पुढे?”

“पुढे, म्हणजे अगदी वर, त्या पट्ट्याच्या मधोमध काळं आहे. लांबलचक. दोन्ही बाजूंनी उजेड आणि मधली सगळी लाईन गेल्यासारखी. पार खालपर्यंत पट्ट्याचे दोन भाग झालेत.”

तिने माझा हात घट्ट धरला. “तोच! अहो, तोच. लहानपणी मी तारे नाही, तो काळा भाग बघायचे. मला वाटायचं, नदीच्या मधोमध कोणीतरी झोपलंय, म्हणून ती दोन्ही बाजूंनी वळून जाते. आहे ना तो तसाच? कोणी दुरुस्त तर नाही ना केला?”

मी पुन्हा एकदा वर नीट पाहून घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“नाही,” मी म्हटलं. “तशी कोणाची तक्रार नाही.”